चाक का मोडलं

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. तू मला कुकर म्हणायचीस ना, त्या कुकरची शिट्टी हल्ली होतच नाही. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी मी नुसता बघत राहतो. परवा बाबा आईला म्हणाले, पोराला ताप-बीप आहे का बघ.

बातमी अशी की आमच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट होणार आहे. आत्या म्हणाली, बनवणारा माणूस नेमण्याआधी तुम्हाला काय हवंय ते कागदावर उतरवा, नाहीतर तो त्याला हवं ते बांधून देईल. काम अर्थातच माझ्या गळ्यात. बाबांनी टोमणा मारलाच, कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, हा कागद तरी पुरा कर. म्हणून काउंटरवर बसून लिहितोय: लोक फोनवर काय विचारतात? चेन बदलता का, किती दिवस लागतील, घरून घेऊन जाता का. पानं चार. पहिल्या पानावर बाबांना स्वतःचा लग्नातला फोटो हवा होता. आई म्हणाली, लोक बॅगा घेऊन येणार आहेत, नवरदेव बघायला नाही. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

आत्याच्या मते पहिल्या पानावर एकच काम दाखवावं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली काय मोडलं, का मोडलं, कसं जोडलं. अशी जोडी दुकानात एकच निघाली. तुझी निळी बॅग.

तू फक्त चेन बदलायला दिली होतीस. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, चाकही गेलंय, आणि पुरावा म्हणून फोटो दाखवला. तू विश्वास ठेवलास. बाबा अजून त्या चाकांच्या कंपनीचा उद्धार करतात. मग दिवसभर बसून मी चारही चाकं नवी घातली. तू निघालीस तेव्हा दारात उभा राहून कान देत होतो. चाकांचा आवाजसुद्धा आला नाही. बाबा म्हणतात, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम तेच.

तीन दिवस झाले, 'का मोडलं' यापुढची जागा कोरी आहे. बाबा म्हणतात, 'वापरून झिजलं' लिही आणि मोकळा हो. हात उचलत नाही. चेन बसवताना आतल्या कप्प्यात तुझं नोकरीचं पत्र सापडलं आणि मी ते वाचलं. मला तू सहा महिन्यांसाठी जातेय म्हणाली होतीस, पत्रात तीन वर्षं होती. मी बॅगेला लाथ घातली. चाक मी मोडलं. वेबसाइटवर हे लिहिता येणार नाही, म्हणून आधी तुला लिहिलं. फोटो टाकू का, एवढंच कळव. नाही म्हणालीस तर बाबांचा लग्नातला टाकतो.

तुझाच (हे खोडणार होतो, राहू दे),
कुकर