दहा नंबरचा शर्ट

४ जानेवारी, शनिवार

उन्म्याचं मानपत्र मी लिहायचं. मी!

संध्याकाळी शामरावकाका आले. आमच्या चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी. वय सत्त्याहत्तर, आवाज अजून मैदानावरचा. "विनीत, तू शाळेत पीटी शिकवतोस, अक्षर झकास आहे, वर तुझा जिगरी दोस्त! सव्वीस तारखेला सत्यनारायणाच्या पूजेला त्याचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. तूच लिही, तूच वाच."

मी हो म्हणून बसलो. आई आतून ओरडली, "बरा लिही हां त्येच्याबद्दल!" अनुजा नुसती माझ्याकडे बघत होती. बायकोला सगळं कळतं.

उन्मेष फुटबॉलमधून रिटायर झाला. बत्तिसाव्या वर्षी. गुडघा गेला म्हणे. लोक साठीला रिटायर होतात तर ऑफिसातली चार माणसं बटाटेवडे खाऊन घरी जातात. ह्याला मानपत्र.

५ जानेवारी, रविवार

बसलो लिहायला. 'श्री. उन्मेष यांस सप्रेम–' सप्रेम खोडलं.

करिअर मला तोंडपाठ आहे, कुणाला विचारायची गरज नाही. गोव्यात तीन वर्षं, कोलकात्यात चार, मग टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये पाच सीझन. एकशे एकेचाळीस सामने. गोल नऊ. नऊ! देशाच्या कॅम्पला दोनदा बोलावलं, खेळवलं एकदाही नाही. दोन्ही वेळा मला किती बरं वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही.

एकशे एकेचाळीसपैकी जेवढे टीव्हीवर दाखवले तेवढे सगळे मी बघितलेत. आवाज बंद करून. तो चुकायची वाट बघत. सेमीफायनलला त्याची पेनल्टी पोस्टवर आपटली तेव्हा दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो श्रीखंड आणलं होतं. अनुजाने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, सहज.

नीच आहे मी. बरं, मग?

९ जानेवारी, गुरुवार

शामरावकाकांनी मंडळाच्या ऑफिसात बोलावलं. मुद्दे देतो म्हणाले. मुद्दा एकच – भिंतीवरची ती फ्रेम. पेपरातलं कात्रण, पिवळं पडलेलं. 'उन्मेषच्या दोन गोलांनी मंडळ विजयी. जानेवारी २०१३.'

"ह्या दोन गोलांनी पोराचं नशीब उघडलं! ते झणझणीत यायला पाहिजे बघ मानपत्रात. गोव्याच्या क्लबचा माणूस समोर बसला होता, दुसऱ्याच दिवशी बोलावणं!"

तुम्ही होतात तिथे काका! लाइनवर उभे होतात! मी दोन्ही गोल मारून तुमच्याच गळ्यात पडलो होतो! पण बारा वर्षं रोज ती फ्रेम बघून त्यांना आता उन्म्याच आठवतो. ते खोटं बोलत नाहीयेत. राग त्याचाच जास्त येतो.

म्हटलं, हो काका, टाकतो.

१० जानेवारी, शुक्रवार

एकदाचं लिहूनच टाकतो. निदान वहीला तरी खरं माहीत असू दे.

त्या वर्षी मंडळाने नवीन शर्ट शिवले. मला आला आठ नंबर. उन्म्याला दहा. फायनलच्या सकाळी आई दारात आडवी. माझी रास कन्या, साडेसातीची शेवटची अडीचकी चालू, आणि आठ हा शनीचा आकडा! जोशीबुवांनी सांगितलेलं. "ह्यो शर्ट घालून माझ्या दारातून भायर पडाचा नाय!" मी वीस वर्षांचा घोडा, पण आईपुढे कोण बोलणार? शेवटी मैदानात उन्म्याबरोबर शर्ट बदलला. तो हसून लोळला. "दे इकडे. माझा शनी माझ्यासारखाच आळशी आहे."

मी दहा नंबर घालून दोन गोल मारले. एक डाव्या पायाने, पंचवीस यार्डांवरून. आयुष्यात परत तसा बसला नाही. रेफरीच्या यादीत दहा नंबर म्हणजे उन्मेष. पेपरवाल्याने यादी उतरवली. क्लबच्या माणसानेही.

मंडळात फोन आला – दहा नंबरला ट्रायलला पाठवा. रात्री जिन्यात आम्ही दोघं. उन्म्या म्हणाला, "विन्या, हे तुझं आहे." मी म्हटलं, नाव तुझं आहे, तू जा. तिथे पोचलास की सांग, मग मला बोलावतील. शहाणपणा! म्हणाला, "आईशपथ सांगतो त्यांना. तुझ्या घरच्या लँडलाइनवर फोन करतो."

मोबाइल तेव्हा माझ्याकडे नव्हता. पंधरा दिवस मी त्या फोनपासून हललो नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलो नाही, कॉलेजला गेलो नाही. फक्त मैदानावर संध्याकाळी दोन तास, पाय सुटू नयेत म्हणून. फोन आला नाही. ट्रायल तो पास झाला, स्वतःच्या पायांनी झाला, हे मला कळतं. पण दार माझं होतं ना?

कधी विचारलं नाही त्याला. विचारणं म्हणजे भीक मागणं.

१४ जानेवारी, मंगळवार

आला. संक्रांतीचा मुहूर्त साधून! पूर्ण चाळ गॅलरीत. लंगडतो थोडा. पोट नाही, केस आहेत. माझं उलटं.

आमच्याकडे आला तो आधी आईच्या पाया पडला. "काकी, कशी आहेस?" आईने त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि दूध उतू जातंय म्हणत आत पळाली. गॅसवर दूध नव्हतंच. एवढं गहिवरून यायला काय झालं? मी तिचा मुलगा आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणे, "विन्या, शाळेची टीम जिंकली ऐकलं. भारी रे! पोरांना शिकवायला मला नाही जमणार." दया दाखवतो! लाडू एवढा कडक होता की दात दुखला. गोड बोलायचा दिवस, म्हणून गप्प बसलो.

लँडलाइनकडे त्याचं लक्ष गेलं. अजून तिथेच आहे, आईने विणलेल्या रुमालाखाली, बंद पडलेला. बघून तोंड फिरवलं त्याने. आठवलं असेल!

१९ जानेवारी, रविवार

मैदानावर दिसला. पोरं गराडा घालून. त्यात माझ्या शाळेची श्रेया, माझी बेस्ट फॉरवर्ड, चार वर्षं घासून तयार केलेली. सोमवारी मला सांगते, "सर, उन्मेषसरांनी एक ट्रिक शिकवली!" ती ट्रिक मी तिला दोन वर्षं सांगतोय.

(सोमवारी लिहितोय हे. काल वही उघडायची इच्छा नव्हती.)

२२ जानेवारी, बुधवार

मानपत्र झालं. शामरावकाकांनी वाचून डोळे पुसले. 'आपल्या दोन अविस्मरणीय गोलांनी…' स्वतःच्या हाताने, बोरूने, सुबक अक्षरात मी माझे गोल त्याला लिहून दिले. फ्रेम करायला टाकलंय.

२५ जानेवारी, शनिवार

आज दुसरा कागद लिहिला. फ्रेममध्ये एक, खिशात एक. उद्या खिशातला वाचणार. अनुजाला सांगितलं. ती म्हणाली, "वाचून काय मिळणार आहे?" म्हटलं, दोन गोल.

"आणि उन्मेषभावजी?"

आई मारुतीला तेल घालून आली तेव्हा मी कागद लपवला.

२६ जानेवारी, रविवार

वाचला.

पूजा झाली, आरती झाली, स्टेजवर उन्म्या शाल घेऊन बसला. मी माइकसमोर. खिशातला कागद काढला. दहा नंबर त्या दिवशी माझ्या अंगावर होता, दोन्ही गोल माझे, क्लबला मी हवा होतो – सगळं वाचलं. आणि शेवटचं वाक्य: 'माझं नाव सांगतो असं वचन देऊन हा मित्र गेला आणि बारा वर्षांत एक फोन त्याने केला नाही.'

प्रसाद वाटणारे हातसुद्धा थांबले! शामरावकाकांचं तोंड उघडंच. हळूच कुणीतरी मागून म्हणालं, "अरे हो, शर्ट बदलले होते खरे…"

मी उन्म्याकडे बघितलं. आता बोल! बोल ना! त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. समोर पहिल्या रांगेत कुठेतरी बघत राहिला. मग उठला, लंगडत माइकपाशी आला. "बरोबर आहे. गोल विन्याचे. मी आठ नंबर घालून नुसता पळत होतो." आणि जाऊन बसला. एवढंच! ना सफाई, ना माफी.

जिंकलो मी. बारा वर्षांनी.

२७ जानेवारी, सोमवार

चाळीत सगळे बघतात, बोलत कुणी नाही. ऑफिसातली फ्रेम काढलीय, भिंतीवर पांढरा चौकोन. मला वाटलं होतं, तिथे माझं नाव लागेल.

उन्म्या सकाळीच बहिणीकडे वरळीला गेला. मानपत्र घेऊन गेला, शाल विसरला.

३० जानेवारी, गुरुवार

आई चार दिवस धड जेवत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर येते. अनुजा म्हणते, तिच्याशी बोला. काय बोलू? मी काय चुकीचं वाचलं?

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मारुतीला गेली नाही आई. तेलाची वाटी मांडीवर घेऊन लँडलाइनपाशी बसली होती. म्हणाली, "फोन इल्लो होतो रे. उन्मेषाचो. तिसऱ्याच दिवशी. तू मैदानात होतस. साहेबांका सांगितलंय म्हणालो, विनूक उद्याच्या गाडीन पाठव. मी म्हटलंय, शनी उतराक दोन वर्षां हत, तवसर माझो झिल खंय जावचो नाय. आणि त्येका माझी शपथ घातलंय, विनूक सांगू नको."

स्टेजवरून तो पहिल्या रांगेत आईकडे बघत होता.

शाल घेऊन वरळीला निघालोय. त्याला काय सांगणार, माहीत नाही.