चाळीसवर होतो म्हणे

३ फेब्रु.
क्लासला आज एकसमान त्वरणाची गणितं. सर फळ्यावर ब्रेक मारलेली गाडी काढून राहिले होते, मला मात्र रोहनची काळी जीपच दिसत होती. औशाच्या अलीकडं, आमच्या फाट्यावर त्यानं पप्पांना उडवलं. पायात रॉड घातलाय. परांचीवर सरसर चढणारा गवंडी माणूस लातूरच्या दवाखान्यात पलंगावर पडून.
रोहनचा बाप प्लॉटिंगवाला. पोलिसात लिहून दिलंय, गाडी चाळीसवर होती, माणूस पिऊन मधे आला. पप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला न्हाई.
रडले न्हाई. सगळी सूत्रं उतरवून घेतली.

४ फेब्रु.
क्लास बुडवला. पप्पांच्या पिशवीतला टेप घेऊन फाट्यावर. टायरचे काळे पट्टे अजून हायत. हॉटेलवाल्या गंगूमावशीनं टेपचं दुसरं टोक धरलं. चोवीस मीटर.
"कशाला मोजून राहिलीस ग?"
"त्याला पुरायला."
पप्पांची चप्पल कुठं पडली होती ते मावशीनं दाखवलं. पट्टे त्याच्या पुढं सुरू होतात. म्हणजे आधी उडवलं, मग ब्रेक. हरामखोर.

५ फेब्रु.
शेवटचा वेग शून्य. अंतर चोवीस. कोरड्या डांबरावर त्वरण उणे सात धरा, असं सरांनी मागं सांगितलेलं. आला वेग ताशी सहासष्ट. परत केलं. सहासष्टच.
फाट्यावर पाटी चाळीसची. त्या पाटीखाली त्याला उभं करून सगळ्या गावासमोर

७ फेब्रु.
ठाण्यात गेले. साहेबांनी कागद उलटासुलटा बघितला. "बाळ, हे बारावीचं गणित हाय. ह्याला पुरावा म्हणत न्हाईत."
बाहेर गेटपाशी रोहन. "काय मॅडम, पेपर कसा गेला?" आणि हसला.
मला माफी नको. मला त्याचा पाय पाहिजे.

९ फेब्रु.
नांदेडच्या आत्यानं तिच्या ओळखीच्या वकीलताईंशी बोलणं करून दिलं. ताई म्हणाल्या, फिजिक्सच्या माणसाकडून तपासून सही आण.
सरांनी चष्मा वर करून वाचलं. "बरोबर आहे. तो खोटं बोलतोय. पण चाळीसवर असता तर लागलं नसतं, हे कुठं दाखवलंस? पप्पा रस्त्यावर आले तेव्हा गाडी किती लांब होती?"
ते मी विचारलंच नव्हतं.

१० फेब्रु.
दवाखाना. विचारलं. पप्पा छताकडं बघत म्हणाले,
"ट्याम्पोच्या मागून पळत निघालो ग. पलीकडं बस लागली होती. बघितलं न्हाई मी."
"जीप किती लांब होती?"
"चाळीस फूट. त्याच्या वर न्हाई. पार झालोच होतो, मागल्या पायाला बंपर लागला."
आई उठून बाहेर गेली.
चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. ताशी चाळीसला निस्तं भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत अकरा जातात. म्हणजे पाटीच्या स्पीडनं आला असता तरी ब्रेक मारून थांबायच्या आत गाडी अंगावर.
त्याला सोडवणारं गणित मीच करून बसले. पप्पांचा लई राग आला. पाणी मागितलं तर ग्लास आपटून ठेवला.

११ फेब्रु.
सरांना सांगितलं, सही नको आता.
सरांनी कागद ओढून घेतला. "तुझे पप्पा तिथं उभे होते का?"
"न्हाई. पळत होते."
"मग गणितात त्यांना का थांबवून ठेवलंस? गाडी येतेय, तसा माणूसही पुढं जातोय ना?"
डोक्यात लख्ख झालं. सहासष्टला बारा मीटर पाऊण सेकंदाच्या आत. चाळीसला एका सेकंदाच्या वर. पप्पा जीपच्या वाटेतून जवळजवळ पार झाले होते, बंपरचा कोपरा मागं राहिलेल्या पायाला लागलाय. तेवढ्या जास्तीच्या वेळात पळणारा माणूस सहज पलीकडं जातो. जीप मोकळ्या रस्त्यावरून गेली असती.
सरांनी सही केली. मी बसस्टँडपर्यंत पळतच गेले.

१३ फेब्रु.
फोन स्पीकरवर होता, पप्पाही ऐकत होते. वकीलताई म्हणाल्या, "गणित चांगलंय. पण पप्पांना जबाबात सांगावं लागेल, ट्याम्पोच्या मागून न बघता पळत निघालो. समोरचे त्यालाच धरून बसतील."
"न्हाई सांगितलं तर?"
"तर ह्या कागदाला आधार काय?"
आई म्हणाली, "आपल्या तोंडानं आपली चूक कशाला सांगायची? भरपाई बी जाईल."
"मग सोडायचं का त्याला?" मी ओरडले. शेजारच्या पलंगावरची म्हातारा दचकून उठला.
पप्पा आईला म्हणाले, "ती माझ्यासाठी करून राहिली का स्वतःसाठी, तेच कळंना मला."
मी ऐकलं.

१४ फेब्रु.
सकाळी ठाण्यातला जमादार वॉर्डात आला जबाब घ्यायला. माझा कागद त्याच्या फायलीला लावून दिला. रोहनचा बाप जिन्यात उभा, हातात पप्पांसाठी आणलेली सफरचंदाची पिशवी.
जमादारानं पहिलंच विचारलं, "बघून निघाले होते का?"
पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. म्हणाले, "पोरीला बाहेर ने."
आईनं दंडाला धरून बाहेर काढलं. दाराला कान लावला तर नर्स खेकसली.
थोड्या वेळानं जमादार पेन खिशाला लावत बाहेर आला. काय सांगितलं म्हणून विचारलं तर, "सही झाली." आत गेले. पप्पांनी भिंतीकडं तोंड केलेलं. "खरं ते सांगितलं. तू अभ्यास कर जा."
जमादार जिन्यात रोहनच्या बापाच्या कानाशी काहीतरी बोलला. मी त्या बापाचा चेहरा बघायला धावले. पोचेपर्यंत तो पाठमोरा पायऱ्या उतरत होता, पिशवी हातात तशीच.