मोतीराम कोणत्या कलमात बसतो

३ फेब्रुवारी १९९७

आम्ही आईची माती करायला गेलो आणि धाकट्या भावाला रक्तबंबाळ घेऊन आलो!

गावामागची ती पट्टी आम्हा महारांच्या मातीची. आजे-पणजे तिथेच. सुधाकरराव पाटलाचे गडी खड्ड्यापाशी आधीच उभे. "धरम बदलला ना? मंग हे जागा तुमची नाई. न्या फादरच्या घरी!" मोतीराम गरम डोक्याचा, तो पुढे झाला. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याची टाळू फोडली. तिरडी कलंडली, आई तोंडावर पडली — तिला उचलू की भावाला, कळेना. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले. त्याच्या रक्ताची चव अजून तोंडात आहे. किळस येत नाही.

४ फेब्रुवारी

आईला मिशनच्या आवारात पुरलं. मोतीराम आदिलाबादला दवाखान्यात. शुद्ध नाही.

ठाण्यातला साहेब तेलुगू, हिंदीत बोलला — "क्रिस्टियन हो? फिर अट्रॉसिटी नहीं लगेगी. सादी मारपीट." म्हणजे पाटलाचे गडी उद्या जामिनावर बाहेर! मारताना जात काढूनच मारलं, तेव्हा कोणी बाप्तिस्मा विचारला नाही. "अभी लिखा नहीं. सोमवार तक सोच के बोलो," म्हणाला.

चुलतभाऊ दौलत बौद्ध. तो म्हणतो, "बाई, बुद्धाचे आहो म्हनून सांग. आमाले कायदा लागते, तुमाले काऊन नाई? रगत तर एकच हाय."

६ फेब्रुवारी

फादरांना विचारलं. मिशनच्या न्याय समितीचे तेच पुढारी. कित्येक वर्षं एकच मागणी — दलित ख्रिस्ती लोकांनाही हे संरक्षण द्या. म्हणाले, "आपणच खोटं सांगितलं तर मागणीत काय जीव राहील, रेणुका?"

"मागणी गेली खड्ड्यात! माहा भाऊ मरून राह्यला!"

फादरांवर ओरडले. बरं केलं.

७ फेब्रुवारी

कलेक्टर कचेरीपुढे समितीचं धरणं. गेले — एवढा राग दुसरीकडे कुठे नेऊ? दुपारी लाठ्या सुरू झाल्या. शेजारच्या चंपाबाईचा हात मोडला. फादरांचा चष्मा फुटून काच भुवईत घुसली. रक्त पुसत तरी ओरडत होते, "दगड नको! दगड नको!"

माझ्या हातात होता. मारला. कोणाला लागला माहीत नाही. लागला असावा असं वाटतं, आणि त्याने बरंही वाटतं.

९ फेब्रुवारी

चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, प्रार्थनेला गेले. एकमेकांना शांती देण्याच्या वेळी सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. मी पदराखालून हात काढले नाहीत.

१० फेब्रुवारी

पहाटे मोतीराम गेला.

साहेब जबाब घ्यायला दवाखान्यातच आला. "धरम?" मी म्हणाले, "बौद्ध." साक्षीदार हवा होता. फादर आज झगा न घालता, साध्या सदऱ्यात आले होते. त्यांनी पेन मागितलं आणि सही केली.