सर्वर पडला की निखिल येतो

घणसोली गाव,
शनिवार, दुपार

हिराजीदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींनी लोणचं सोडलं का, की डॉक्टरांसमोरच सोडलंय? आम्ही सगळे ठीक आहोत. पत्र बघून दचकू नका, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन घेतला की स्पीकर लावून ओटीवर ठेवता. आमच्या घरचं बोलणं आधी वहिनी ऐकतात, मग शेजारपाजार, आणि फिरून फिरून संध्याकाळपर्यंत ते गोजराकडे परत येतं, थोडं वाढूनच. यातलं एक अक्षरही गोजराला कळायला नको. म्हणून गाळ्यावरचा भैरू टेम्पो घेऊन तुमच्या उरणला निघालाय, त्याच्या हाती पाकीट देतोय.

तुम्हाला ठाऊक आहे, मी एपीएमसी बाजारात पाठीवर गोणी घेऊन शिरलो आणि आज तिथंच माझा कांद्या-बटाट्याचा गाळा आहे. आठवीच्या पुढं शाळेनं मला बोलावलं नाही, पण देवानं कान चांगले दिले. गोणी जरा हलवली की आतला माल सुका की सडका, ते सालांच्या आवाजावर सांगतो. (वहिनींनी लोणचं सोडलेलं नाही, हेही मागच्या फोनवर बरणीच्या झाकणावरून कळलं होतं. पण ते असो.) तर गेल्या वर्षी लेकीच्या, सोनलच्या हट्टापायी गाळ्याचा सगळा कारभार कम्प्युटरवर घेतला. कुठला ट्रक कोणाचा, कुठला माल कोणी उचलला, सगळं त्यात. हे काम केलं निखिलनं. निखिल म्हणजे सोनलचा कॉलेजातला मित्र, खारघरला राहतो, वडील सुधीरराव बँकेतून रिटायर, आई वैजयंतीताई शाळेत शिकवतात. मुलगा सरळ आहे. बोलताना आधी चष्मा पुसतो आणि मग बोलायचं विसरतो. सोनलला तो पसंत आहे हे तिनं मला सांगितलेलं नाही, पण त्याचा फोन आला की ती हॅलो म्हणायच्या आधी दार लावते, तेव्हा सांगायचं राहिलंय काय?

निखिल म्हणाला, काका, सगळं क्लाउडवर ठेवू. म्हणजे लांब कुठंतरी दुसऱ्याच्या मशीनवर. मी म्हटलं, बाबा, उभ्या जन्मात मी माझा माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेला नाही. मग आमचं स्वतःचं मशीन आलं. त्याला सर्वर म्हणतात. रंगानं काळा, उंचीनं तुमच्या धान्याच्या कोठीएवढा. त्याच्या पोटात डेटाबेस बसतो. डेटाबेस म्हणजे आपला मेहताजी समजा. सगळं त्याच्या डोक्यात, आणि डोकं फक्त त्यालाच. गाळ्यावर सालांची धूळ उडते म्हणून हे प्रकरण घरी, तळमजल्याच्या खोलीत, एसीत ठेवलं. गाळ्यावरचे कम्प्युटर इंटरनेटवरून त्याला विचारतात आणि तो सांगतो. आठ महिने सोन्यासारखा चालला.

आणि एका सोमवारी, ऐन बाजारात, मेहताजी आडवे. पडदे पांढरे पडले. बाहेर ट्रक उभे, आत मी उभा. एक ड्रायव्हर म्हणाला, “सेठ, आपला डोकाच घरी विसरून आलात काय?” आणि सगळा पॅसेज हसला. मी पण हसलो, करणार काय! निखिल खारघरहून धावत आला. बटण दाबलं, सर्वर उठला, जणू काही झालंच नाही. निखिलनं तपासलं, कागद न् कागद जागेवर. म्हणाला, काका, डेटाबेसला आजार नाहीये, त्याचा अचानक कोणीतरी गळा दाबलाय. कोणी ते कळत नाही.

तेव्हापासून हे चालू. (नशीब एवढंच, की पहिली खेप सोडली तर पुढं दर वेळी तो बाजार उठल्यावरच पडला. माझ्या दैवाला वेळेचं भान आहे.) सर्वर पडला की निखिल येतो, आणि निखिल आला की सर्वर धडधाकट. निखिलनं मेमरी बदलली. वायरमन आणून वायरिंग बदललं. बॅटरी बदलली. सोनलनं एक मोठा इंजिनियर ऐरोलीहून बोलावला. तो सोफ्यावर बसला, चहा प्यायला, सर्वरच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, आणि तुमचं वातावरण बरोबर नाही म्हणून निघून गेला. त्याच्या आधी गोजराच्या बहिणी-बहिणींत दृष्ट काढायचंही ठरलं होतं. काढली. मिरच्यांच्या धुरानं निखिललाच ठसका लागला, सर्वरला काही नाही.

इकडे गोजरानं निकाल देऊन टाकला. आधी तिची तक्रार होती की पोरगा आपल्यातला नाही. आता ती मागं पडली. आता म्हणते, “ज्याला एक खोका सांबालता येत नाय, तो माजी पोर काय सांबालनार?” सोनल जेवली नाही. मलाही दोनच भाकऱ्या गेल्या. आणि उद्या, रविवारी, सुधीरराव आणि वैजयंतीताई रीतसर मागणी घालायला येतायत. गोजरा त्यांना चहा देईल, पोहे देईल, आणि नकार देईल. मला तो मुलगा हवाय, दादा. सोनलला तर हवाच आहे.

आता खरी गोष्ट. परवा दुपारी मी वर पडलो होतो. ऐरोलीवाला नुकताच गेला होता. खालून सर्वरच्या पंख्याचा आवाज येत होता, नेहमीची घूंघूं. थोड्या वेळानं तो आवाज बदलला. डोक्यावरून गोधडी घेऊन कोणी घोरावं तसा झाला. मग चढला, मग रडकुंडीला आला, मग थांबला. मी खाली गेलो. बघतो तर सर्वरच्या अंगात कवर! मोरपंखी रंगाचं, जुन्या पडद्याचं, खाली झालर, झालरीत इलॅस्टिक, आणि पुढं टिकल्यांचा मोर.

तुमच्या बहिणीची सवय तुम्हाला मी काय सांगू? फ्रिजला कवर, मिक्सरला कवर, टीव्हीच्या रिमोटला कवर. या घरात कवर नसलेली वस्तू मी एकटाच. आणि नियम काय, तर पाहुणा आला की कवर काढायचं म्हणजे वस्तू दिसते, पाहुणा गेला की घालायचं म्हणजे वस्तू टिकते. आता लावा ताळा. निखिल दारात आला की कवर निघे, सर्वरला वारा लागे. निखिल गेला की कवर चढे, सर्वर आतल्या आत उकडून निघे आणि जीव वाचवायला आपणच बंद पडे. डॉक्टर आल्यावर ताप उतरायचा, तो असा! आणि कवर मला आधी दिसलं नाही का? दादा, तीस वर्षं कवरांत राहिलो. आता मला ती दिसत नाहीत.

मी ते काढून कपाटात ठेवलं. काल परत चढलं होतं आणि सर्वर परत पडला होता. निखिल आला. मी जिन्यात उभा होतो. (ऐकत नव्हतो. ऐकू आलं.) निखिल सोनलला म्हणत होता, “पंख्याच्या जाळीत टिकली सापडली. मोराची आहे.” सोनल म्हणाली, “मग आईला सांगून टाक ना!” तर तो म्हणतो, “सांगितलं तर सर्वर सुटेल आणि मी अडकेन. चार लोकांत त्यांना खाली बघायला लावायचं? नको. माझंच चुकलं म्हणतो.” आणि खरंच स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, काकू, माझ्याकडून एक स्क्रू ढिला राहिला होता. गोजरा म्हणाली, “बगितलास? मी बोललेव ना!” त्यानं मान खाली घातली आणि तिनं दिलेली तांदळाची भाकरी खाल्ली.

दादा, मी आयुष्यभर माणसं आवाजावरून पारखली. त्या मुलाचा आवाज सुक्या कांद्यासारखा खणखणीत आला.

बाकी खुशाल. गुडघ्याला तेल चोळत जा, वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
नामदेव

ता. क. पत्र लिहायचं कारण असं की गोजराला हे कोणीतरी सांगायला हवं आणि मला ते धाडस नाही. तुम्हीही सरळ सांगू नका. आज रात्री तिला फोन करा आणि म्हणा, सोनलनं मोराच्या कवरचा फोटो पाठवला, फार आवडलं, आमच्या टीव्हीला तस्संच हवंय, नवीन नको, तेच दे. भाऊ मागतोय म्हटल्यावर ती हसत देईल. सर्वर मोकळा, कोणाचा अपमान नाही. आणि फोन ठेवताना सहज म्हणा, मुलगा चांगला वाटतो. तुमचा शब्द ती मोडत नाही.

ता. ता. क. फोन करू नका. गोजरा मागं उभी आहे आणि सांगतेय तसंच लिही म्हणतेय, म्हणून तिच्या शब्दांत लिहितो: “दादा, कवर घातलं की बंद, काडलं की चालू, ह्ये मना पयल्याच दिवशी कललं. पयलं चुकून घातलं, मंग मुद्दाम, पन बाजार उठल्यावर हां, धंद्याला खोट नाय येऊ दिली. पोऱ्याला जेवाया बोलावला तर नवं शर्ट घालून गोड बोलून जातो, त्यात काय दिसतं? काम बिगडलं की मानूस दिसतो. इतक्या खेपा आला, एकदा चिडला नाय, आनि खोटं बोलला तो पन माजी लाज राकायला. मना पसंत हाय. उद्या सकाली येवा. वहिनीला सांग, लोनचं आनू नको, हितं हाय.”

सकाळी लवकर या. चार पानं मी माझ्या कानांची थोरवी लिहिली, आणि ही बाई “कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही” इथपासून मागं उभी राहून वाचत होती, त्याचा मला आवाज आला नाही.