फुलपॅन्ट शोधू नका

जागृतीचे बाबा,

फुलपॅन्ट शोधू नका, सगळ्या मी भिजत घातल्यात. लुंग्या पण. दोरीवर जुनी हाफपॅन्ट हाय, ती घाला. शेक घेतात तिथं सैल कपडा पायजे, असं डॉक्टरच बोलले ना?

आणि धीरजभाऊजींची वाट बघू नका. आज शेकाचं, ते रेडिएशनचं मशीन बंद हाय, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. बिचारे भाऊ तुमचे, लगेच बोट घेऊन मासेमारीला गेले. मशीन चालू हाय, घाबरू नका.

लाखात एकाला होणारा कॅन्सर तुमच्या मांडीत निघाला, तर तुमी लॉटरी लागल्यासारखा लपवून ठेवलाय. ती शेकवाली मॅडम गुडघ्याच्या वर पेनाने रेघा मारते, नेम धरून गाठीवरच शेक देते. तिला सगळं दाखवता. भाऊजी पण मशीनच्या दारापर्यंत येतात. लग्नाची बायको आली की मात्र दार लावून कपडे बदलता. का, तर "मंगल, तू भिशील." अवो, नवापूरच्या मासळीबाजारात गिऱ्हाईकं मला भितात!

जळते मी त्या मॅडमवर, तोंडावर सांगते. माझ्या नवऱ्याच्या मांडीवर तिने काय नकाशा काढलाय तो मला बघायचाय, आणि आजपासून त्या दाराशी मीच बसणार.

चहा पिऊन निघा. बोईसरला जायची रिक्षा थांबवून मी नाक्यावर बसलेय. मांडी झाकायला टॉवेल शोधाल, तर घरातले सगळे टॉवेल माझ्या पिशवीत हायत.

मंगल