नंदाच्या उंदरांची पिल्लं

६ मार्च
सुरंगीच्या फुलांचा वळेसर, केसांत माळायला, डब्यात घालून पुण्याच्या गाडीने धाडला. नात नंदा तिथे प्रयोगशाळेत. आठवण म्हणून, बाकी काही नाही.

९ मार्च
नंदाचा फोन. उंदरीण व्याली, आठ पिल्लं. जन्मल्या दिवशीच त्यांना अंड्यातलं प्रथिन टोचलं. "आजा, त्या दिवसांत अंगाक आपला-परका कळणा नाय. तेव्हा गेला ता आपला. मगे मोठेपणी टोचला तरी अंग भांडणा नाय." दिवसभर तेच डोक्यात. पहिलीतल्या कविता अशाच आत गेल्या असणार. नंतर इतकी वर्षं शिकवल्या त्या मात्र...
हे जमलं तर ती दोन वर्षं जर्मनीला.

१० मार्च
आईने पिल्लं खाल्ली. आठही. अंगाला परका वास लागला की खाते म्हणे. "टोपयेखाली सुरंगी माळलेली, आजा. वास हातांक लागलो." म्हणजे माझाच वळेसर.
जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "तुमचा ताट कणगीतल्या उंदरांक दितंय. ते तरी जेवतले."

११ मार्च
काल फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटलं? वाईट नाही. जर्मनी राहिली, आता पोर इथेच, हे वाटलं. इथे लिहितो, कुणाला सांगणार.

२१ मार्च
दुसरी व्याली. सात. चौघांना प्रथिन, तिघांना नुसतं मिठाचं पाणी. हातमोजे आधी पिंजऱ्यातल्याच भुशात चोळले, मग पिल्लं उचलली. पडवीत येरझारा. ही दोनदा ओरडली.

२२ मार्च
सातही आहेत. आई पाजते आहे. बरं वाटलं, खरंच वाटलं. पण लगेच...

४ मे
पिल्लं मोठी झाली. आज सातांनाही तेच प्रथिन. तिघांचं अंग भांडायला हवं, चौघांचं गप्प राहायला हवं. दोन आठवड्यांनी रक्त तपासणार. कवितेची जुनी वही काढली, दोन ओळींपुढे जाईना.

१८ मे
रक्त सकाळीच काढलं, निकाल संध्याकाळी. घरात बसवेना. नारळ घेऊन देवळात गेलो. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा. "मास्तरांनू, काय मागूचा?"
मी नारळ तेवढा पुढे केला. मागे चार माणसं खोळंबलेली.
"नातीचा काम आसा ना पुण्याक? ताच मागतंय," म्हणत त्यानेच सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्येंच्या नातीच्या हाताक यश दी रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझं जरा मागाहून आलं.