छायाचित्रातील राजप्रासाद

वर्धा, दि. ९ डिसेंबर १९९८, सायंकाळ

दिवंगत मातोश्री हसताना एकाच छायाचित्रात आढळतात. पाठीमागच्या अज्ञात वास्तूपुढील दोन स्तंभ पाहून अस्मादिकांनी त्या वास्तूस राजप्रासाद घोषित केले होते. आई गेल्यापासून बाबांजवळ तिचा विषय काढवत नसे; आज धैर्य केले.

"राजवाडा नोहे रे. हिंगणीचा गुरांचा दवाखाना हाय. त्या दोन खांबांत बैल बांधून सुई देत."

म्हणजे ते स्तंभ... असो, विद्वत्ता लयास गेली.

"मग आई काऊन हासून राह्यली?"

"बैलानं मले लाथ मारली. तुया मामानं तेवढ्यात फोटो काढला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाई."

आणि बाबा छायाचित्राकडे पाहून हसू लागले. तिच्या हास्यात सहभागी व्हावयास त्यांना चाळीस वर्षे लागली.